गाव तेच, नावं किती?

गेल्या जूनमध्ये मायला घेऊन एका कार्यालयाच्या खिडकीपुढं उभा होतो. बापू गेल्यानंतरची वारसाची नोंद राहिली होती आणि ती झाल्याशिवाय पीककर्जाचं गाडं पुढं सरकत नव्हतं. मृग कोरडाच चालला होता. सोयाबीनचं बियाणं उधारीवर आणून ओसरीत ठेवलेलं. आतल्या साहेबांनी बापूंच्या नावचा जुना कागद दोनदा उलटापालटा करून बघितला आणि परत सरकवला.

"हे गाव बिलोली तालुक्यातलं आहे. तुमचा अर्ज नायगाव तालुक्याचा."

म्हणलं, साहेब, आपला तालुका नंतर झाला. आधी हा सगळा भाग बिलोलीतच होता.

"ते मलाही माहीत आहे हो. पण कागदावर दोन वेगळी नावं आहेत. गाव एकच, याचा पुरावा आणा."

माय एवढा वेळ गप्प होती. ती म्हणाली, "मंग काय, गाव बैलगाडीत घालून हिकडं आणलंय का आमी?" रांगेतली माणसं हसली. साहेबही हसले. काम मात्र झालं नाही.

त्या दिवशी पिशवीत तीन कागद होते. जुन्यावर 'मौजे नायगाव, ता. बिलोली'. नव्यावर 'नायगाव (खै.)'. बँकेच्या पासबुकावर 'नायगाव बाजार'. इंग्रजीतलं स्पेलिंग कुठं 'आय' घालून, कुठं 'वाय' घालून, ते वेगळंच. जमीन तीच, बांध तोच, बांधावरची बाभळ तीच.

मला त्या साहेबांचा राग आला, नाही असं नाही. पण पूर्ण राग काढता येईना. कारण हाच माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे, आणि खिडकीच्या त्या बाजूला बसून मीही एकदा लोकांना असंच अडकवलेलं आहे. तेच सांगायला ही पोस्ट लिहितोय. जरा लांब आहे, सवडीनं वाचा.

गावाकडं आलो की पारावर विचारतात, पुण्यात तू नेमकं करतोस काय? मी कंपायलरची मॅन्युअल लिहितो. प्रोग्रामर माणसाला वाचता येईल अशा भाषेत प्रोग्राम लिहितो. यंत्राला ती भाषा कळत नाही, त्याला फक्त आकड्यांतले हुकूम कळतात. मधे बसून जो भाषांतर करतो तो कंपायलर. आणि त्या कंपायलरला कोणत्या मशीनवर, कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, कोणता हुकूम द्यायचा हे सांगणारं जाडजूड पुस्तक म्हणजे मॅन्युअल. "म्हंजी कंपायलर तू बनवत नाहीस, त्याचं पुस्तक लिहितोस. आन त्याचे पैसे देतेत?" देतात बाबा.

या कामात माझा निम्मा वेळ कशात जातो, तर नावात. ॲपलच्या संगणकावर जी ऑपरेटिंग सिस्टिम असते तीच घ्या. २००१ मध्ये ती आली तेव्हा तिचं नाव मॅक ओएस एक्स. २०१२ मध्ये पुढचं 'मॅक' गळालं, नुसतं ओएस एक्स राहिलं. २०१६ मध्ये 'एक्स' गेला, 'मॅक' परत आलं, झालं मॅकओएस. आणि तिच्या पोटात जो गाभा आहे त्याचं नाव डार्विन. वीस-पंचवीस वर्षं वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेल्या मॅन्युअलमध्ये ही चारही नावं सुखानं नांदतात. जुन्या माणसाला काही वाटत नाही. नवीन पोरगं मात्र विचारतं, सर, या चार सिस्टिम आहेत का? आणि त्याचं चुकत नाही. जीसीसी नावाचा जगभर वापरला जाणारा फुकट कंपायलर आहे, त्याच्या मॅन्युअलमध्ये ॲपलच्या सिस्टिमचं प्रकरण 'डार्विन' या मथळ्याखाली आहे. अनुक्रमणिकेत 'मॅक' शोधणाऱ्यानं डार्विनपाशी का थांबावं?

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, समजून घ्यायचं. पण दरवेळी नुसत्या समजुतीनं भागत नाही.

विंडोजचं उदाहरण देतो. विंडोजवर चालणारा प्रोग्राम जीसीसीनं बनवायचे दोन प्रसिद्ध रस्ते आहेत. एकाचं नाव सिगविन, दुसऱ्याचं मिनजीडब्ल्यू. दोन्हीकडं मशीन तेच, पडद्यावरची विंडोज तीच. पण सी भाषेत 'लाँग' नावाचा आकड्याचा डबा असतो. तो ६४ बिटच्या सिगविनमध्ये ६४ बिटचा असतो आणि मिनजीडब्ल्यूमध्ये ३२ बिटचाच. ३२ बिटच्या डब्यात जास्तीत जास्त २१४,७४,८३,६४७ एवढा आकडा मावतो. एखाद्या अडत दुकानाचा हिशोब पैशात ठेवणारा प्रोग्राम असेल, तर २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैशापर्यंत सगळं गोड. त्याच्यावर एक पैसा गेला की भरवसा संपला, जमा झालेली रक्कम उणे सुद्धा दिसू शकते. आता मॅन्युअलमध्ये एका पानावर 'विंडोज' म्हणजे सिगविन आणि दुसऱ्या पानावर 'विंडोज' म्हणजे मिनजीडब्ल्यू असं मी लिहून ठेवलं, तर त्या उणे आकड्याचा धनी कोण?

लिनक्सचंही तसंच. लोक सगळ्यालाच लिनक्स म्हणतात. खरं तर लिनक्स हा नुसता गाभा. त्याच्याभोवतीचं बरंचसं सामान ग्नू या प्रकल्पातलं, म्हणून ते लोक आग्रहानं 'ग्नू/लिनक्स' म्हणा असं सांगतात. पुष्कळांना हा हट्ट वाटतो. मलाही वाटायचा. पण तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही गाभा लिनक्सचाच आहे, आणि तिथं ग्नूची सी लायब्ररी नाही, बायोनिक नावाची वेगळी आहे. म्हणजे मॅन्युअलमध्ये 'हे लिनक्सवर चालतं' एवढंच लिहिलं तर फोनसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याला ते खरंही असू शकतं, खोटंही. शिवाय नावात केलेल्या कामाची ओळख असते, ती पुसू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. नावात मान असतो हे मराठवाड्याला कुणी शिकवायची गरज नाही. विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ इथल्या माणसांनी काय सोसलं ते आपण जाणतो. त्याची आणि या कागदी भानगडीची तुलना करायची नाही. फक्त 'नावात काय आहे' हे वाक्य आपल्याकडं कुणी सहज टाकू नये.

आता माझा पराक्रम ऐका. नोकरी नवीन होती. आमच्या कंपायलरच्या मॅन्युअलमध्ये तीन नावांचा काला झालेला बघून मला वाटलं, हे तर एका दुपारचं काम. सगळ्या फाइलींत जुनं नाव शोधायचं, नवं टाकायचं. केलं. साडेतीनशेच्या वर ठिकाणी बदल झाला. मी खूश, वरचे खूश. पण कंपायलरला द्यायच्या हुकुमातही ते जुनं नाव चिकटलेलं असतं. सिस्टिमची कमीत कमी आवृत्ती सांगणारा जो पर्याय आहे, त्याच्या मधोमध 'मॅकओएसएक्स' अशी जुनीच अक्षरं आहेत. पुस्तकात नाव बदललं म्हणून यंत्रातलं बदलत नाही. माझ्या शोधा-आणि-बदलानं ती अक्षरंही बदलली, आणि पुस्तकात असा एक हुकूम छापला गेला जो आमच्या कंपायलरमध्ये अस्तित्वातच नव्हता. लोकांनी तो जसाच्या तसा उतरवून घेतला. 'अनोळखी पर्याय' म्हणून कंपायलर हात झटकायला लागला. दोन दिवस तक्रारी येत होत्या. एकानं लिहिलं होतं, 'मी तुमच्या पुस्तकावर विश्वास ठेवला, हीच माझी चूक.' ते पत्र मी अजून ठेवलंय.

आमच्या वरिष्ठ बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला जीसीसीवाल्यांचं एक पान दाखवलं. कोणता शब्द वापरायचा, कोणत्या शब्दाऐवजी, आणि का, असे त्यात तीन रकाने. ग्नू/लिनक्स म्हणा, नुसतं लिनक्स म्हणू नका, पण गाभ्याविषयी बोलत असाल तर लिनक्सच म्हणा, अशा धर्तीचं. मला त्यातला तिसरा रकाना सगळ्यात आवडला, आणि अपवादही. बाई म्हणाल्या, पुस्तकाच्या बोलण्यात एकच नाव ठेव. यंत्राला द्यायच्या हुकुमात जे आहे त्याला हात लावू नको. आणि अनुक्रमणिकेत जुनं नाव ठेवून त्याच्यापुढं 'हे पाहा' लिही. जुन्या नावानं शोधणारा माणूस रिकाम्या हातानं परत जाता कामा नये.

जुनी नावं यंत्रात किती चिवट असतात ते बघा. सोलारिस नावाची एक सिस्टिम आहे. २.६ नंतरच्या आवृत्तीला कंपनीनं एकदम सोलारिस ७ म्हणायचं ठरवलं. पण कंपायलरच्या लेखी ती २.७ च राहिली. विंडोज ६४ बिटची झाली तरी प्रोग्रामनं 'मी विंडोजवर आहे का' हे ओळखायची खूण अजून 'विन३२' हीच आहे. ती बदलली तर जगातले न मोजता येतील इतके प्रोग्राम बंद पडतील, म्हणून कुणी बदलत नाही. जीसीसीचंच घ्या ना. १९८७ मध्ये तो आला तेव्हा त्यातल्या मधल्या 'सी'चा अर्थ सी भाषा होता. पुढं तो बऱ्याच भाषा बोलायला लागला, तेव्हा १९९९ मध्ये अर्थ बदलला, अक्षरं तीच ठेवली. आपल्याकडच्या सुनेसारखं उखाण्यातलं नाव वेगळं आणि माहेरचं वेगळं. पण रेशनकार्डावर काय आहे ते विचारून घ्यायचं.

तर खिडकीपुढं उभं राहून माझ्या डोक्यात हे सगळं फिरत होतं. आपल्या कागदांचंही कुणीतरी असंच एका दुपारी शोधा-आणि-बदला केलेलं आहे. तालुका नवा झाला, आनंद आहे, बिलोलीचे हेलपाटे वाचले. पण जुन्या नावापुढं 'हे पाहा' लिहायचं राहिलं. ते लिहायचं काम मग माझ्या मायवर येतं, शपथपत्र करून.

हे काही एका तालुक्याचं नाही. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाला, उस्मानाबाद धाराशिव झाला. २०२४ मध्ये तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी झालं, ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी. नाव बदलायला माझा विरोध नाही, त्या त्या नावामागं लोकांच्या भावना आहेत, माणसांचा मान आहे. पण एखाद्या अर्जावर वर 'ग्राम महसूल अधिकारी' आणि खाली सहीच्या जागी 'तलाठी' असं छापलेलं असलं, की आमच्यासारखा माणूस ओळखतो, ही दोन पदं नाहीत. ज्याच्या घरात कागद वाचणारं कुणी नाही त्यानं दोन सह्यांसाठी दोन दिवस मजुरी बुडवावी का?

उलट बाजूही आहे. एकाच नावाची वेगवेगळी ठिकाणं. दरवर्षी ३ जानेवारीला मला पुण्यातले मित्र अभिनंदनाचे मेसेज करतात, सावित्रीबाई तुमच्या गावच्या ना! त्यांचं नायगाव साताऱ्याचं, खंडाळा तालुक्यातलं. मुंबईत एक नायगाव, वसईला एक. आपल्या तालुक्यातली नरसी आणि संत नामदेवांची हिंगोलीकडची नर्सी यांचीही भक्तमंडळी गल्लत करतात. म्हणून आपण 'खै.' लावतो. नायगाव खैरगावातलं ते अर्धं अक्षर गाव ओळखायलाच आहे, पण अर्ध्या कागदांवर ते आहे आणि अर्ध्यांवर नाही. म्हणजे सिगविन-मिनजीडब्ल्यूचाच घोळ, फक्त इथं आकडा उणे होत नाही, माणूस होतो.

माझं मागणं मोठं नाही. तहसीलच्या भिंतीवर आणि सातबारा मिळतो त्या संकेतस्थळावर एक तक्ता लावा. जुनं गाव-तालुक्याचं नाव, आजचं नाव, कोणत्या तारखेपासून, कोणत्या आदेशानं. सही-शिक्क्याचा. त्याची झेरॉक्स पुरावा म्हणून चालावी. खिडकीतल्या साहेबांनाही ते बरंच पडेल, त्यांनाही स्वतःच्या जबाबदारीवर 'गाव एकच आहे' असं लिहायची भीती वाटते, आणि ती खोटी नाही. बांधाबांधाचे दावे त्यांनी बघितलेले असतात.

या मजकुराचा अर्ज मी करतोय. तुमच्याकडं 'ता. बिलोली' असलेला जुना कागद असेल आणि त्यावरून तुम्हालाही परत पाठवलं असेल, तर येत्या रविवारी सकाळी घरी या, सह्या घेतोय. कागदाचा फोटो फेसबुकवर टाकू नका, गट नंबर आणि नावं दिसतात.

मायची नोंद शेवटी झाली, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. पेरणी उधारीवरच उरकली होती. परवा ती तिन्ही कागद एका पिनेत अडकवून ट्रंकेत ठेवत होती. जुन्या कागदावर तिनं शेजारच्या पोराकडून पेन्सिलीनं लिहून घेतलंय, 'हे नायगाव तेच.'