चौथी

तिला नाव नाही, नंबर आहे : टेंट सिटी फोर, बेघरांची एक तंबूवस्ती. आमच्या साताऱ्याकडे एकापाठोपाठ मुलीच झाल्या की तिसरीचं-चौथीचं नाव सरळ ‘नकोशी’ ठेवून घरचे मोकळे होत. २०११ साली जिल्ह्यात समारंभ करून अशा दोनशेहून अधिक मुलींना नवी नावं दिली. ती बातमी मी इथे अमेरिकेत, सिअ‍ॅटलजवळच्या घरात बसून वाचली आणि मला आठवली ती ही. हिचं बारसं अजून कोणी घातलेलं नाही. मी आपली तिला चौथी म्हणते.

लांबून बघाल तर चर्चच्या पार्किंगमध्ये दाटीवाटीने उभे तंबू. वर निळ्या, करड्या ताडपत्र्या. दाराशी एक छोटा मांडव, त्यात टेबल-खुर्ची आणि खुर्चीत रात्रंदिवस कोणीतरी जागं. एका कडेला ओळीने फिरते संडास. त्यांना या भागात सगळे ‘हनी बकेट’ म्हणतात, म्हणजे मधाची बादली. कंपनीचं नावच तसं आहे. इतकी वर्षं झाली, मला अजून हसू येतं.

थोरली १९९० ची. सिअ‍ॅटलच्या किंगडोम स्टेडियमजवळ बेघर माणसांनी स्वतःच तंबू ठोकले, ती पहिली. दुसरी १९९८ ची, बीकन हिलच्या उतारावरची. तिच्यावर शहराने बुलडोझर घातला. किंगडोम २६ मार्च २००० ला सुरुंग लावून पाडलं आणि पाचच दिवसांनी, ३१ मार्चला, तिसरी उभी राहिली. तिसरी हट्टी निघाली. हाकललं की दुसऱ्या जागी, तिथून तिसऱ्या. शेवटी २००२ मध्ये कोर्टाच्या शिक्क्याने शहराशी तह झाला : खासगी जागेत, जागामालकाने बोलावलं तर, शंभरापर्यंत माणसं, एका ठिकाणी जास्तीत जास्त तीन महिने. बोलावणारे बहुतेक चर्चवाले. २००५ मध्ये सिअ‍ॅटल युनिव्हर्सिटीने तिला आपल्या टेनिस कोर्टांवर उतरवून घेतलं. हे जेसुइट पाद्र्यांचं विद्यापीठ. २०१६च्या डिसेंबरात वॉशिंग्टन विद्यापीठाने पार्किंगचा एक तुकडा दिला, तो संपूर्ण हिवाळाभर.

आणि चौथी मे २००४ ची. तिचं धाडस वेगळं. ती तळं ओलांडून आली. लेक वॉशिंग्टनच्या पूर्वेला बेलव्यू, रेडमंड, कर्कलंड ही गावं. इथे मायक्रोसॉफ्ट आहे, चांगल्या शाळा आहेत, कापलेलं गवत आहे आणि आम्ही आहोत. म्हणजे मराठी मंडळी : गणपतीत लेझीम, दिवाळीत फराळाची ऑर्डर, दर शनिवारी कोणाकडे तरी मिसळ. बेघर माणूस हा ‘तिकडे, डाउनटाउनला’ दिसायचा प्रकार होता. तो आमच्या बसथांब्यावर येऊन उभा राहील असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बॉथेलच्या सेंट ब्रेंडन चर्चने तिला पहिली जागा दिली आणि गावागावांत सभा सुरू झाल्या.

तिची हाडं लाकडाची. दुकानांत माल ज्यावर रचून येतो त्या फळ्यांच्या चौकटी, पॅलेट, आधी डांबरावर मांडायच्या, त्यावर प्लायवूड ठोकायचं, मग तंबू, मग ताडपत्री, मग दोऱ्या. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही. ऑक्टोबरात सुरू होतो आणि ओल्या फडक्यासारखा मेपर्यंत अंगाला चिकटून राहतो. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो. अशा वेळी पाणी वरून येत नाही, खालून येतं. चौथी ते पहिल्या हिवाळ्यातच शिकली असणार. तंबू कोणीही देतो. देणगीत तंबूच येतात. कोरडी जमीन कोणी देत नाही, ती पॅलेटवर रचून बनवावी लागते.

स्वभावाने ती कडक आहे. मुलींच्या वसतिगृहातल्या रेक्टरबाईंसारखी. दारू नाही, नशा नाही, हाणामारी नाही. आत येणाऱ्याने ओळखपत्र दाखवायचं. लैंगिक गुन्हेगारांच्या यादीत नाव असेल तर प्रवेश नाही. प्रत्येकाने पहाऱ्याची पाळी करायची, आठवड्याच्या सभेला बसायचं, आजूबाजूच्या रस्त्यांवरचा कचरा उचलायला जायचं. कारभारी बाहेरून येत नाहीत, राहणारेच आपल्यातून निवडतात, आणि नियम मोडणाऱ्याला काढायचं की ठेवायचं तेही तेच ठरवतात. मागे शेअर आणि व्हील या दोन संघटना आहेत, त्याही बेघर आणि घर गमावलेल्या माणसांच्याच. व्हील बायकांची. रस्त्यावर कोणी बेघर मेलं की तिच्या बायका काळे कपडे घालून मूक उभ्या राहतात.

हे कडकपण काहींना जाचतं. पिणाऱ्याने कुठे जायचं, हा प्रश्न चौथीला विचारलात तर तिच्याकडे उत्तर नाही. ती त्याला फाटकाबाहेर काढते. मला तिच्यातली ही गोष्ट आवडत नाही. पण तिची अडचणही कळते. शंभर डोळे तिच्यावर लागलेले असतात. शेजारच्या बंगल्यात बाराला पार्टी सुरू असेल तर ती पार्टी. हिच्या अंगणात नऊला आवाज झाला तर तो पुरावा.

पहाटे मात्र ती रेक्टर नसते, चाळ असते. अंधारातच तंबूंच्या चेन खरखरतात. कोणी गोदामात, कोणी हॉटेलच्या भांडी धुण्यावर, कोणी मजुरांच्या नाक्यावर. कामावर जाणारी माणसं बेघर कशी, हे आम्हाला पटायला फार वेळ लागला. इथलं भाडं पाहिलं की लगेच पटायला हवं होतं.

कोर्टाची पायरी ती अनेकदा चढली. सगळ्यांत मोठी लढाई वुडिनव्हिलची. वाइन बनवणारं, देखणं गाव. २००६ मध्ये तिथल्या नॉर्थशोअर युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने तिला ठेवून घेण्यासाठी परवाना मागितला. गावाने त्या भागातले सगळेच परवाने अभ्यासासाठी स्थगित ठेवले होते. त्यांनी अर्ज बघायलाच नकार दिला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, नियम लावा, पण अर्जच न बघणं हा चर्चच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे. पुढच्याच वर्षी कायदा झाला : धर्मसंस्थेने आपल्या जागेत बेघरांना आसरा दिला तर गावाने आरोग्य आणि सुरक्षिततेपुरत्याच अटी घालाव्यात. २०२० मध्ये तो आणखी तपशिलात बांधला.

मला यात गंमत वाटते ती अशी. माणसाला निवारा हवा, या मुद्द्यावर चौथी जिंकलेली नाही. चर्चला भूतदया दाखवायचा हक्क आहे, यावर जिंकली. हक्क यजमानाचा; पाहुणीला त्याची सावली मिळाली. जून २०२४ मध्ये ओरेगनमधल्या ग्रँट्स पास गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागेत झोपणाऱ्यांना दंड करायला गावांना मोकळीक दिली. तेव्हापासून त्या सावलीची किंमत आणखी वाढली आहे.

आता माझं. आमच्या कॉलनीजवळच्या एका चर्चने तिला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा दारोदार एक कागद फिरला होता. ‘मुलांची सुरक्षितता’, ‘वाहतूक’, ‘परिसराचं स्वरूप’. तिसरा शब्द मला कळला नव्हता, तरी मी सही केली. शेजारणीने पेन पुढे केलं, मी केली. एवढंच. आणलेला भोपळा चिरताना ती म्हणाली, “तीन महिन्यांचाच प्रश्न आहे, पण एकदा आत आल्या की जात नाहीत या लोकांच्या वस्त्या.” मी मुंबईत काही वर्षं काढलेली, मला लगेच संक्रमण शिबिरं आठवली. वर्षा-दोन वर्षांसाठी म्हणून हलवलेली कुटुंबं, आणि तिथेच म्हातारी झालेली माणसं. मान हलवली.

चौथी ठरल्या दिवशी आली आणि ठरल्या दिवशी गेली. मधल्या तीन महिन्यांत माझ्या मुलांचं काही झालं नाही, वाहतुकीचंही नाही. एकदाच काय ते, सायकलची चेन निसटली म्हणून धाकटा रस्त्यात रडत बसला होता. कचरा वेचायला निघालेल्या दोघांनी ती बसवून दिली. हे त्याने मला महिन्याभराने सांगितलं. ‘ओरडशील म्हणून’ म्हणाला.

त्यानंतर ती आमच्या बाजूला आली की आम्ही चार घरं मिळून एका रात्रीचं जेवण देतो. चर्चच्या तक्त्यावर वार लिहून ठेवायचा. पहिल्या वेळी मी मसालेभात नेला. दारावरच्या बाईंनी आधी वही पुढे केली : नाव, वेळ, कोणाकडे. मग पातेल्याचं झाकण उचलून वास घेतला आणि विचारलं, “तिखट आहे?” मी म्हटलं, थोडं. त्यांनी आत आवाज दिला, “भारतीय ‘थोडं’ आहे, पाणी काढून ठेवा!” त्यांना ‘थोडं’ चा अनुभव आधीच आलेला होता तर.

२०२३ साली माझा भाचा बरोबर होता. त्या वर्षी आमच्याकडे नोकऱ्या पानगळीसारख्या गेल्या, त्यात त्याचीही. एच-वन-बी व्हिसावर आलेल्याची नोकरी गेली की हातात साठ दिवस. तेवढ्यात दुसरी मिळाली नाही तर सामान बांधायचं. त्याने फ्रिजवर कॅलेंडर लावून दिवस खोडायला सुरुवात केली होती आणि माझ्याशीही धड बोलत नव्हता. स्वयंपाकाच्या तंबूत एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ वाढायला उभे होते. त्यांना त्याने विचारलं,

“इथले अजून किती दिवस तुमचे?”

“एकेचाळीस.”

“माझे तेवीस,” भाचा म्हणाला, आणि काय ते एका दमात सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. “मग जाणार कुठे?”

“पुण्याला.”

“घर आहे तिथे?”

“आईचं आहे.”

“मग बरं आहे,” ते म्हणाले, आणि पुढच्याच्या ताटलीत भात घातला.

गाडीत बसल्यावर भाचा बराच वेळ गप्प होता. मग हसला. त्या महिन्यातलं पहिलं हसू. मी काही विचारलं नाही. (त्याला अठराव्या की सतराव्या दिवशी नोकरी लागली, म्हणजे उरलेल्या. पण ती त्याची गोष्ट.)

तिचा हलायचा दिवस बघण्यासारखा. बहुतेक शनिवार. पालखी तळावरून हलते तेव्हाची लगबग आठवते मला, फक्त टाळ नाहीत आणि वाटेत कोणी रांगोळी काढलेली नसते. सकाळी सकाळी ट्रक लागतो. आधी माणसांचं सामान काळ्या पिशव्यांत, त्यावर तंबूचा नंबर. मग ताडपत्र्या झटकून घड्या. मग तंबू मिटतात, आणि आत संसार होता यावर विश्वास बसत नाही इतके लहान होतात. शेवटी पॅलेट आणि प्लायवूड. ते सगळ्यांत जड, दोघादोघांनी उचलायचं. ज्या चर्चकडे जायचं तिथली माणसं मदतीला आलेली, ज्यांच्याकडून निघायचं ते सँडविच वाटताहेत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला एकट्याचं उचलायचं असतं.

आणि संध्याकाळपर्यंत पुढच्या गावात ती पुन्हा उभी. विशी ओलांडली तिने अशी. दर मुक्कामी सांगायचं की मी राहायला आलेली नाही. तरच राहू देतात. तिच्यात राहिलेली माणसं घरं मिळून गेली, काही हरवली, काही मेली. ती तेवढी कायमची तात्पुरती.

गेल्या खेपेला माझं पातेलं तिच्याकडे राहिलं. दुसऱ्या दिवशी नेऊ म्हणता म्हणता आठवडा गेला, आणि आठवण झाली तो शनिवार होता. मी पोचले तेव्हा ट्रक निघून गेला होता. भुरभुर सुरू होती. तंबू होते तिथे डांबरावर फिकट, कोरडे चौकोन उरले होते, ओळीने, आणि बघता बघता कडांकडून काळे होत होते. चर्चची एक बाई झाडू घेऊन उभी होती. पातेल्याचं विचारलं तर म्हणाली, स्वयंपाकघर पहिल्या फेरीतच गेलं. पत्ता देऊ का?

पत्ता मला माहीत होता. शेजारच्याच गावात, पंधरा मिनिटांवर. पण मी गेले नाही. लग्नातलं भांडं आहे, सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून आणलेलं, काठाशी ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं : माझं, खाली ‘मामाकडून सप्रेम भेट’, आणि साल. चांगलं पंचवीस माणसांचं भाताचं पातेलं. तिच्याकडे उपयोगी पडेल. आमच्या बाजूला पुन्हा येईल तेव्हा बघू.