हॅप्टोग्लोबिन कमी आले, म्हणजे काय?

रक्ततपासणीचा कागद हाती येताच आपली नजर प्रथम ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. ‘हॅप्टोग्लोबिन : १० पेक्षा कमी’ ही ओळ दाखवून परवा एका गृहस्थांनी मला काळजीच्या स्वरात विचारले, “डॉक्टर, हे वाढवायला काय खावे?” प्रश्न साहजिक होता, पण हॅप्टोग्लोबिन खाऊन वाढवायचे नसते, ते कुठे खर्ची पडले हे शोधायचे असते. हे मी स्वतः एका चुकीतून शिकलो.

काही वर्षांपूर्वी चाळिशीच्या एक बाई थकवा आणि धाप लागण्याची तक्रार घेऊन आल्या. हिमोग्लोबिन ९.४ होते. आपल्याकडे स्त्रियांच्या रक्तक्षयामागे बहुधा लोहाची कमतरता असते; मीही तेच गृहीत धरून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. दीड महिन्याने हिमोग्लोबिन ७.८ वर उतरले. दरम्यान डोळे पिवळट दिसतात म्हणून घरच्यांनी कावीळ ठरवून गळ्यात माळ घातली होती, तेल-तूप बंद केले होते. ती माळ पाहून मी त्यांना खिडकीपाशी नेले. दिवसाच्या उजेडात पिवळेपणा स्पष्ट दिसला. ट्यूबलाइटखाली तो दिसला नव्हता. खरे सांगायचे तर मी पाहिलाच नव्हता.

तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. पेशी अकाली फुटू लागल्या की त्यांतील हिमोग्लोबिन रक्तात सांडते. मोकळे हिमोग्लोबिन मूत्रपिंडाला अपायकारक असते. म्हणून यकृतात तयार होणारे हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन त्याला घट्ट धरते आणि ही जोडी रक्तातून काढून टाकली जाते. पैलतीरी गेलेली नाव परत येऊ नये, तसे हे हॅप्टोग्लोबिन परतत नाही. घाट रिकामा दिसला, तर उतारूंची गर्दी झाली असावी असे समजावे.

बाईंचे हॅप्टोग्लोबिन मोजता येऊ नये इतके कमी होते. प्रौढांत ते साधारणतः ३० ते २०० मिलिग्रॅम असते. प्रयोगशाळेनुसार मर्यादा थोड्या बदलतात. परंतु एकट्या आकड्यावर निदान होत नाही. यकृताच्या जुनाट आजारात ते मुळात कमी तयार होते, नवजात बालकांत कमीच असते, काहींमध्ये ते जन्मतःच अत्यल्प असते. उलट, ताप, जंतुसंसर्ग वा सांधेदाह असताना ते वाढते. अशा वेळी पेशी फुटत असूनही आकडा ‘नॉर्मल’ येऊ शकतो. म्हणून सोबत रेटिक्युलोसाइट, एलडीएच आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन पाहावे लागते. बाईंच्या बाबतीत हे तिन्ही वाढलेले होते. कूम्ब्स चाचणीही सकारात्मक आली: शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या तांबड्या पेशींवर उलटली होती. रक्तविकारतज्ज्ञांनी स्टिरॉइड सुरू केले आणि काही आठवड्यांत हिमोग्लोबिन सावरले. लोहाची त्यांना गरजच नव्हती. फुटलेल्या पेशींतील लोह बहुतांशी शरीरातच पुन्हा वापरले जाते.

पेशी फुटण्याची कारणे अनेक आहेत. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल, मलेरिया, तसेच जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांना प्राइमाक्विनसारखे औषध दिले जाणे, ही त्यांपैकी काही.

तेव्हा असा रिपोर्ट हाती आला तर घाबरू नका, पण तो कपाटातही ठेवू नका. जुने रिपोर्ट, सध्याची सर्व औषधे आणि घराण्यातील रक्तक्षय, वारंवार कावीळ किंवा पित्ताशयातील खडे यांची माहिती घेऊन डॉक्टरांकडे जा. लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणे, धाप वाढणे, चक्कर येणे अशी लक्षणे असतील तर त्याच दिवशी जा. गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर “हा रक्तक्षय लोहाचाच आहे ना?” असे निःसंकोच विचारा. त्या बाईंनी मला हे विचारले असते, तर दीड महिना वाचला असता. पण तो प्रश्न मी स्वतःलाच विचारायला हवा होता.

आता थकव्याची तक्रार घेऊन कोणी आले, की मी त्यांना आधी खिडकीपाशी बसवतो.