मुठ्याचा काटेरी पाहुणा

हिंजवडी किंवा खराडीतल्या कुठल्याही ऑफिसात एक चक्कर मारा. कुठल्या ना कुठल्या मॉनिटरशेजारी बोटभर उंचीचा एक कॅक्टस दिसेलच. बर्थडेला टीमने दिलेला, 'याला काही करावं लागत नाही' अशी ख्याती असलेला आणि (हळूच सांगतो) बहुतेक वेळा पाणी घालून घालूनच मेलेला! याचाच एक दांडगा, रांगडा चुलतभाऊ आहे, फड्या निवडुंग. नागाने फडा काढावा तशी चपटी, मांसल 'पानं' एकावर एक चढवत जाणारा. सध्या माझा एक मित्र त्याच्या प्रेमात पडलाय आणि त्यासाठी त्याने जागा निवडलीये ती थेट मुठा खोऱ्यात. तुमचाही वीकेंड मोकळा असेल, तर चला.

चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुट. भूगावचं ट्रॅफिक एकदाचं मागे पडलं, की हेल्मेटच्या आतला चेहरा जरा सैल होतो. मुख्य रस्ता पुढे पौड-ताम्हिणीकडे जातो. आपण मात्र पिरंगुटला डावीकडे, उरवड्याच्या दिशेने वळायचं. घाट पार केला की समोर मुठा खोरं. लकडी पुलावरून नाक दाबून जी नदी आपण ओलांडतो ती हीच, यावर पहिल्या खेपेला विश्वासच बसत नाही! वर टेमघरचं धरण, खाली सांगरूणपाशी आंबी आणि मोसी तिला येऊन मिळतात आणि सगळं पाणी जातं खडकवासल्यात. म्हणजे सोमवारी सकाळी शॉवरखाली डोळे चोळत उभे असतो, तेव्हा हे खोरंच आपल्या अंगावर कोसळत असतं.

मित्राने इथे थोडे गुंठे घेतलेत. एक खोली, पत्र्याचा व्हरांडा आणि समोर उतार. आधी त्याने लॉन लावलं, मग गुलाब. एक आड एक शनिवारी येणाऱ्या मालकाची झाडं एप्रिलमध्ये जशी दिसतात तशीच ती दिसू लागली. मुळशीत पाऊस धो धो, पण मे महिन्यात पाण्यासाठी लांबवर जावं लागतं, हे इथल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. लॉनसाठी टँकर मागवायची मित्राला लाज वाटली. (अशी लाज सगळ्यांनाच वाटते असं नाही.) मग त्याला आठवलं न्यू जर्सी.

दोन वर्षं तो तिथे ऑनसाइट होता. सँडी हूकच्या किनाऱ्यावर, वाळूच्या टेकड्यांमध्ये त्याने चक्क निवडुंग पाहिला होता. वाळवंटात नाही, अटलांटिकच्या काठावर, जिथे हिवाळ्यात बर्फ पडतं! ओपन्शिया ह्युमिफ्युसा हे त्याचं शास्त्रीय नाव, आणि तो तिथला मूळ रहिवासीच आहे. त्याचा एक भाऊबंद, ओपन्शिया फ्रॅजिलिस, तर कॅनडात पीस नदीच्या खोऱ्यापर्यंत पोचलाय. मित्राचं लॉजिक सरळ होतं. जो बर्फात टिकतो, तो मुठ्यात का नाही टिकणार?

गंमत इथेच आहे. थंडी आली की हा गडी अंगातलं पाणी कमी करतो. फडे सुरकुततात, लोळण घेतात, अगदी मेल्यासारखे दिसतात. आतला रस दाट झाल्यामुळे तो सहजासहजी गोठत नाही आणि पेशी फुटत नाहीत. वसंतात मुळांनी पाणी ओढलं की पुन्हा टुम्म. पुण्यातली आजवरची सगळ्यात कडाक्याची नोंद आहे 1.7 अंश, जानेवारी 1935 ची. तेवढ्या थंडीत तो बहुधा हसेल. आणि थंड देशांतले बागवाले काय सांगतात? थंडीने नाही मरत हो, थंडीतल्या ओलीने मरतो. म्हणून ते खडीचे उंच वाफे करतात आणि हिवाळ्यात वर काच किंवा प्लॅस्टिकचं छप्पर घालतात.

आता मुठ्याकडे बघा. पुणे शहरात वर्षाकाठी साधारण 700 मिलिमीटर पाऊस. टेमघरच्या बाजूला त्याच्या तीन-चार पट, तोही चार महिन्यांत. ढग खाली उतरलेले, आठवडाभर ऊन नाही, माती चिकट. जानेवारी नाही, इथली खरी परीक्षा जुलैची आहे. मुळं कुजतात, फड्यांवर काळे मऊ डाग पडतात, आणि उजेड नसेल तर नवे फडे लांबुडके, लेचेपेचे निघतात.

त्यामुळे परदेशी जातीचा हट्ट सोडलेला बरा. शिवाय मित्राच्या मित्राच्या बॅगेतून एखादा फडा आणायचा प्लॅन तर विसराच. बाहेरून झाडं आणायला परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि जवळजवळ सगळं निवडुंग कुळ संरक्षित वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. पुण्यातल्या एखाद्या बऱ्या नर्सरीत बिनकाट्याचा फड्या विचारा. बाएफ संस्थेने उरुळी कांचनला असाच निवडुंग कोरडवाहू भागातल्या चाऱ्यासाठी लावून पाहिलाय, म्हणजे आपल्या जिल्ह्याची हवा त्याला परकी नाही. फक्त उरुळी पूर्वेला कोरड्यात, आणि मुठा पश्चिमेला ओल्यात, एवढा फरक डोक्यात ठेवायचा.

लावायचा कधी? दसरा-दिवाळी उलटली की. फडा सांध्यावर कापा आणि आठ-पंधरा दिवस सावलीत नुसता टाकून ठेवा. जखम सुकून तिथे कातडी धरली पाहिजे. ओला फडा मातीत खोचला की तो कुजलाच म्हणून समजा. कुंडी मातीची, खाली मोठं भोक, त्यावर खापराचे तुकडे. मिश्रणात निम्म्याहून जास्त मुरूम आणि जाड वाळू, बाकी माती, शेणखत चिमूटभर. फड्याचा खालचा तिसरा हिस्साच गाडा. पहिला आठवडा पाणी नाही. नंतर माती पूर्ण सुकल्यावरच. ऊन मात्र भरपूर हवं, निदान पाच-सहा तास. आणि जूनच्या पहिल्या सरीआधी कुंडी उचलायची आणि पत्र्याखाली ठेवायची. तीही कोपऱ्यात नव्हे, उजेडाकडच्या कडेला. चार महिने पाण्याचं नाव काढायचं नाही. हवेतला दमटपणा त्याला पुरेसा होतो.

जमिनीतच लावायचा असेल तर उतारावर, दोन फूट उंच दगड-मुरमाचा ढीग करून त्याच्या माथ्यावर. सपाटीवर अजिबात नाही. मित्राने दोन्ही करून पाहिलं. पहिल्या पावसात ढिगावरच्या तीनपैकी एक गेला, कुंडीतले सगळे राहिले. माझं मत विचाराल तर मुठ्यात कुंडीच बरी, आणि त्याला कारण पाऊस एवढंच नाही.

मित्राला खरं तर कुंपण हवं होतं. शेजारच्या शेतातल्या मामांना त्याने विचारलं, "मामा, बांधाला हे लावू का?" मामा म्हणाले, "लावा की. पण काढायच्या येळेला मला हाक मारू नका!"

मामांच्या या एका वाक्यात दोनशे वर्षांचा इतिहास आहे. फड्या मूळचा अमेरिका खंडातला. त्याच्यावर कोचिनियल नावाचा किडा जगतो, पांढऱ्या कापसासारखा, चिरडला की गडद लाल. या लाल रंगाच्या व्यापारावर स्पेनची मक्तेदारी होती आणि ईस्ट इंडिया कंपनीला ती मोडायची होती. 1795 मध्ये ब्राझीलहून किडा भारतात आणला, पण तो निघाला भलताच! रंग हलका, भूक मात्र दांडगी. त्याने फड्याची एक जात फस्त केली. दुसरी जात मात्र बेफाम पसरली, गायरानं आणि रानवाटा गिळत. अखेर 1926 मध्ये श्रीलंकेतून दुसरा कोचिनियल आणला आणि दक्षिण भारतात हजारो हेक्टर जमीन मोकळी झाली. ऑस्ट्रेलियाची गत तर याहून वाईट. तिथे कोट्यवधी एकर गेले आणि शेवटी एका पतंगाच्या अळ्यांनी देश सोडवला.

पण त्याच निवडुंगाने माणसं-जनावरं जगवलीसुद्धा. दुष्काळात काटे जाळून फडे गुरांपुढे टाकायचे, पोरांनी लाल बोंडं दगडावर घासून खायची आणि जिभा रंगवून घरी जायचं. आणि आपल्या नाना पेठेतला निवडुंग्या विठोबा! निवडुंगाच्या जाळीत मूर्ती सापडली म्हणून हे नाव, असं सांगतात. तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला असते ती त्याच देवळात. एका झाडाचं नाव थेट देवाला लागलंय, तर त्याला नुसतं 'तण' कसं म्हणणार?

जाता जाता एक ओळखीची खूण. मुठ्याच्या डोंगरउतारावर धारदार, मेणबत्त्यांच्या झुंबरासारखा जो निवडुंग दिसतो, तो कॅक्टस नव्हेच. तो आपला देशी, युफोर्बिया कुळातला. जरा खरवडला की पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यात गेला तर डॉक्टर गाठावा लागतो, तेव्हा बोटं लांबच ठेवा. फड्यातून चीक येत नाही.

मित्राने बांधाला शेवटी करवंद लावली. देशी आहे, काटेरी आहे आणि मे महिन्यात खाऊ देते. फड्या आठ कुंड्यांत, व्हरांड्यात. छाटलेले फडे तो ओढ्यात किंवा टेकडीवर भिरकावत नाही. एक तुकडा मातीला टेकला तरी रुजतो, म्हणून आधी पत्र्यावर कडकडीत वाळवतो.

तुम्ही हात लावणार असाल तर मोठ्या काट्यांना घाबरू नका, ते दिसतात तरी. त्रास देतात ती ठिपक्या-ठिपक्यांतली बारीक कुसळं, आणि ती बिनकाट्याच्या जातीवरही असू शकतात. जाड हातमोजे नसतील तर फडा वर्तमानपत्राच्या जाड घडीत धरा. तरीही टोचलीच, तर चोळू नका. त्यावर सेलोटेप चिकटवा आणि झटक्यात ओढा. बाइकच्या डिकीत एक रीळ ठेवाच.