न भेटलेल्यांचं देणं

माझं पोट ज्यांच्या जिवावर चालतं, त्यांतल्या जवळजवळ कुणालाच मी पाहिलेलं नाही. कुणी फिनलंडचा, कुणी हॉलंडचा, कुणी स्कॉटलंडचा. एक मात्र आपल्या बाजूचा, बेळगावात शिकलेला. बालाघाटात शाळा-संस्थांचे संगणक आणि सर्व्हर लावून देणं, ते चालते ठेवणं हा माझा धंदा आहे. तो सगळा लिनक्सवर उभा आहे, आणि लिनक्स मला ज्यांनी शिकवलं त्यांना मी कधी गुरुदक्षिणा दिलेली नाही.

वडील भरवेलीच्या मँगनीज खाणीत होते. घरात मराठी, शाळेत हिंदी. इंग्रजी म्हणजे परीक्षेपुरतं पाठ करायचं काहीतरी. नव्वदच्या दशकात मी एक लहानसा कोर्स करून सुटे भाग जोडून संगणक विकू लागलो. त्यात नागपूरहून आणलेली विंडोजची नक्कल केलेली सीडी टाकून द्यायची, अडलं की पुन्हा सगळं पुसून तीच सीडी टाकायची. एवढंच मला येत होतं, आणि गावात मी ‘इंजिनीअर साहेब’ होतो. विंडोज विकत घ्यायची असते हेही मला ठाऊक नव्हतं. यंत्राच्या आत काय चाललंय, हा प्रश्न कधी पडला नाही. पडला असता तरी विचारणार कुणाला?

तेव्हा बालाघाटहून गोंदियाला छोटी लाइन जात असे. गोंदिया स्टेशनच्या बुकस्टॉलवर ‘पीसीक्वेस्ट’ मासिक मिळे. 1996 पासून त्या मासिकानं अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली होती. त्यामागे अतुल चिटणीस होते. जन्म जर्मनीतला, इंजिनीअरिंग बेळगावात, मुक्काम बंगळूरला. हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा फक्त आडनाव वाचून बरं वाटलं होतं, आपलाच कुणीतरी आहे म्हणून. इंटरनेटवरून सीडीभर माल उतरवणं आमच्याकडे अशक्यच होतं. आज कुणाला सांगून पटणार नाही, पण एका मासिकाला चिकटवलेल्या चकतीनं तेव्हा आमच्यासारख्या गावांतली किती पोरं या कामाला लावली असतील!

मी ती सीडी घेतली ती उत्सुकतेनं नाही, फुकट मिळाली म्हणून. दुकानातल्या एका यंत्रावर बसवली. ते यंत्र पुन्हा सुरू केलं तर काळ्या पडद्यावर फक्त ‘एल’ आणि ‘आय’ ही दोन अक्षरं आली आणि सगळं थिजलं. माझ्याजवळचा उपाय एकच, पुसा आणि पुन्हा टाका. पुन्हा तीच दोन अक्षरं.

त्या वेळी इंग्रजीचे एक निवृत्त शिक्षक अर्ज टाइप करून घ्यायला दुकानात येत. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. संगणकाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. सीडीवर ‘लिलो’ नावाच्या त्या सुरुवात करून देणाऱ्या प्रोग्रॅमची माहितीची फाइल होती. नोटपॅडमध्ये उघडली तर सगळ्या ओळी एकमेकींना चिकटलेल्या, मधे काळे चौकोन. वर्डपॅडमध्ये नीट दिसली. मला वाचवेना, म्हणून कागदावर काढून गुरुजींपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचली आणि म्हणाले, “अरे, हा तर कुठं अडलं ते सांगतोय. एकेक अक्षर म्हणजे एकेक पायरी. पहिली पायरी झाली, दुसरी वाचून घेतली, पण ती चालली नाही. कारणही लिहिलंय बघ. तू वाचलं नाहीस?”

खरंच लिहिलं होतं. डिस्कची मापं बायोस एक सांगतं आणि लिनक्स दुसरी समजतं, तेव्हा असं होतं. लिलोच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘लिनिअर’ हा एक शब्द घालायचा आणि लिलो पुन्हा चालवायचं. बसवताना करून ठेवलेल्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू केलं, शब्द घातला, आणि ते उठलं. तो प्रोग्रॅम लिहिणारा माणूस वेर्नर आल्मेसबर्गर. आपलं काम मधेच कुठं बंद पडलं तर समोरच्याला निदान जागा कळावी, एवढ्यासाठी त्यानं नावातलं एकेक अक्षर पायरीपायरीनं छापायची सोय करून ठेवली होती. ज्याच्याकडून त्याला एक पैसा मिळणार नव्हता अशा बालाघाटच्या दुकानदाराचाही विचार त्यात आपोआप झाला होता. मी मात्र तोवर माझ्या गिऱ्हाइकाला ‘व्हायरस आला’ यापलीकडे कधी काही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी वाचायला लागलो. गुरुजींचा शब्दकोश मागून आणला. प्रत्येक आज्ञेची ‘मॅन’ पानं, हाउटू नावाच्या लांबलचक मार्गदर्शिका. ‘ईटीसी’च्या फोल्डरमधली जवळजवळ प्रत्येक सेटिंग ही साधी वाचता येणारी मजकुराची फाइल असते, आणि यंत्र स्वतःची रोजनिशी लिहीत असतं, हे कळल्यावर माझी भीती गेली. इंग्रजी मी असं शिकलो. अजूनही माझं इंग्रजी त्या पानांसारखंच आहे, गप्पा मारता येत नाहीत.

पुढचं ऋण विजेचं. 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीजघरं तिकडे गेली, आणि मध्य प्रदेशात भारनियमनानं कहर केला. तोवर एका शाळेचा सर्व्हर मी सांभाळू लागलो होतो. वीज कधीही जाई, बॅटरी थोडा वेळच टिके. परत आली की ‘एफएससीके’ हा प्रोग्रॅम अख्खी डिस्क तपासत बसे आणि पोरं बाहेर ओट्यावर ताटकळत. कधी प्रश्नांवर प्रश्न विचारी आणि मी ‘वाय’ दाबत राही. मग 2001 च्या नोव्हेंबरमध्ये लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये ‘एक्स्ट थ्री’ ही डिस्कवर फाइली ठेवण्याची पद्धत आली. तिच्यामागे स्टीफन ट्वीडी हा स्कॉटलंडचा माणूस. बदल करण्याआधी ती तो एका वहीत टिपून ठेवते. वीज गेली तर परत आल्यावर फक्त ती वही वाचून हिशोब जुळवून घेते. त्यासाठी जुनी डिस्क पुसायचीही गरज नव्हती, एका ओळीची आज्ञा पुरे. त्या शाळेचा तास त्यानंतर विजेपायी क्वचितच बुडाला. मुख्याध्यापकांनी मला शाबासकी दिली आणि मी ती घेतली. खरं तर ती स्कॉटलंडला पाठवायला हवी होती.

उबुंटू नावाच्या लिनक्सच्या सीडी पोस्टानं फुकट यायच्या, 2011 पर्यंत. परदेशी शिक्क्याचं पाकीट घेऊन पोस्टमन दरवेळी विचारायचा, “पोरगा तिकडं आहे का?” पुण्यातल्या रेड हॅटच्या मंडळींनी जोपासलेला ‘लोहित’ फाँट आल्यावर पडद्यावर मराठी धड दिसू लागली. हिंदी राज्यात राहणाऱ्या आमच्या घराला त्याचं काय वाटलं, ते पुण्यात बसून कळणार नाही.

लोक विचारतात, फुकटची वस्तू आहे तर पैसे कसले घेता? मी म्हणतो, बसवायचे, आणि रात्री फोन केल्यावर येण्याचे. उत्तर बरोबर आहे, लिनक्सच्या परवान्यातही बसतं. पण ‘व्हिम’ हा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम नुसता उघडला की पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ येते. ब्राम मोलेनार या डच माणसानं तो लिहिला आणि मोबदला मागितला तो किबालेच्या मुलांसाठी. कित्येक वर्षं ती ओळ रोज माझ्या डोळ्यांपुढून गेली आणि मी पुढं टाइप करत राहिलो. 3 ऑगस्ट 2023 ला ब्राम गेला. त्यानंतर कुठं मी एका भाच्याच्या मदतीनं थोडे पैसे पाठवले. अतुल चिटणीस तर 3 जून 2013 लाच कर्करोगानं गेले होते. तुमची सीडी गोंदियाच्या बुकस्टॉलवर मिळाली होती, असं एक पोस्टकार्ड टाकायला मला सतरा वर्षं कमी पडली.

आता माझ्या बहुतेक सर्व्हरवर डेबियन नावाचं लिनक्स आहे. इयान मर्डॉकनं ते 1993 मध्ये सुरू केलं, आणि ते अजून स्वयंसेवकच चालवतात. बैहरकडच्या मुलींच्या एका वसतिगृहात काही जुनी 32-बिट यंत्रं मी त्यावर चालवतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये डेबियन 13 आलं, त्यात अशा यंत्रांसाठी कर्नल नाही आणि बसवण्याची सोयही नाही. ते वाचून आधी राग आला. मग लक्षात आलं की इतकी वर्षं कुणीतरी या भंगारासाठी कर्नल बांधत होतं, तपासत होतं, आणि ते थांबेपर्यंत मला त्यांचा पत्ताच नव्हता. डेबियन 12 ला जून 2028 पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतील. त्याही कुणीतरी रात्री बसून करेल. तोवर त्या मुलींना दुसरी यंत्रं मिळायला हवीत. अधीक्षकबाईंना तसा अर्ज लिहून दिला आहे, आणि कुणाची वापरलेली 64-बिट यंत्रं निघाली तर मी बालाघाटहून न्यायला येतो.