बंद घराचा दुसरा धनी

पुणें सोडून पश्चिमेस निघालें, पिरंगूट मागें टाकलें आणि पौड गांठलें, कीं डोंगर दोहों बाजूंनीं जवळ येऊं लागतात. पौड हें मुळशी तालुक्याचें ठाणें. तेथून ताम्हिणी घाटाकडे जाणारा रस्ता धरला म्हणजे मुळशी धरणाच्या आसमंतांत माले हें गांव लागतें. आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं तें मोटारीच्या खिडकींतून पाहिलें असेल. तेथें उतरण्याचें प्रयोजन मात्र थोड्यांसच पडलें असेल. आम्हांस तें वर्षांतून दोनदां तरी पडतें, आणि त्याचें कारण एक वीतभर शेपटीचा प्राणी आहे, असें सांगितल्यास वाचक हंसतील. परंतु या क्षुद्र प्राण्यानें आम्हांस त्या गांवाची जी ओळख करून दिली, ती सहलीस जाऊन झाली नसती.

मालेचा विचार पाण्यावांचून करतां येत नाहीं. ज्येष्ठांत पाऊस एकदां लागला, कीं तो आश्विनापर्यंत पाठ सोडीत नाहीं. भिंती घाम आल्यासारख्या ओल्या होतात, मीठ पाझरतें, आणि आगपेटीच्या काड्या चुलीजवळ ठेवाव्या लागतात. मुळा नदी स्वभावतः पूर्ववाहिनी. पुण्यास मुठेला भेटून ती भीमेकडे जाते. परंतु येथें अडविलेलें तिचें पाणी पश्चिमेस वळवून कोंकणांतील भिरा येथील वीजगृहावर सोडलें जातें. १९२७ पासून ही व्यवस्था चालू आहे. या धरणासाठीं भातजमिनी जाऊं लागल्या, तेव्हां १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांस लोकांनीं ‘सेनापति’ म्हणून ओळखावें, हें याच लढ्यांतून घडलें. १९२४ मध्यें लढा ओसरला. जमिनी पाण्याखालीं गेल्या त्या गेल्याच. जें रान वर राहिलें त्यांत आजही भात पिकतें, आणि मुळशीच्या आंबेमोहोराचा सुवास पुण्याच्या स्वयंपाकघरांस अपरिचित नाहीं.

आतां आमचें तेथें काय काम, तें सांगतों. आमच्या पुतण्यानें कांहीं वर्षांपूर्वीं मोटारीमागें ओढावयाचें एक चाकांवरचें घर घेतलें. व्यवहारांत त्यास कॅम्पर ट्रेलर म्हणतात. आमचीं नातवंडें त्यास गोगलगाय म्हणतात. आंत दोन बांक, त्यांचे रात्रीं बिछाने होतात. एक लहानसा ओटा, गॅसची शेगडी, फडताळ आणि विजेचे दिवे. महाराष्ट्र शासनानें २०२१ मध्यें कॅरव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केल्यापासून अशा घरांची वार्ता अधिक ऐकूं येते. कार्तिकापासून वैशाखापर्यंत ही गोगलगाय आमच्या कुटुंबास कोंकण व घाटमाथा दाखविते. पण पावसाळ्यांत ती ठेवावयाची कोठें? शहरांतल्या इमारतींत माणसांच्या मोटारींनाच जागा नाहीं. म्हणून माले येथें एका परिचिताच्या पत्र्याच्या शेडमध्यें तिचा चातुर्मास होतो.

पहिल्या वर्षीं मुलांनीं तिला कुलूप घातलें आणि घर बंद झालें असें समजून ते पुण्यास परतले. दसऱ्यानंतर कुलूप काढलें तेव्हां प्रथम वास आला. मग बांकाच्या गादीला पडलेलें खिंडार दिसलें. आंतला कापूस, नातीच्या वहीचीं पानें आणि विसरलेल्या पोह्यांच्या पिशवीचे तुकडे एकत्र करून फडताळांत एक सुबक घरटें बांधलेलें होतें. येथवर सारी हंसण्याजोगी गोष्ट होती. परंतु सूनबाई शेगडीजवळ वांकल्या, आणि सिलिंडर जोडण्यापूर्वीं त्यांनीं गॅसच्या रबरी नळीवरून बोट फिरविलें. ओट्यामागच्या वळणावर, जेथें दृष्टि पोंचत नाहीं, तेथें नळी अर्धीअधिक कुरतडलेली होती. दिव्याच्या दोन तारांचेंही वरचें आवरण गेलें होतें. त्या संध्याकाळीं त्याच घरांत चार मुलें निजावयाचीं होतीं. सूनबाईंनीं नळी काढून आमच्यापुढें धरली, तेव्हां कोणी कांहींच बोललें नाहीं.

उंदीर रबर कां कुरतडतो? त्यांत त्याला अन्न मिळत नाहीं. त्याचे पुढचे दांत जन्मभर वाढतच असतात. ते झिजविले नाहींत तर त्याचें जगणें कठीण होतें. त्या दांतांच्या पुढल्या बाजूस कठीण लुकण असतें, मागची बाजू मऊ असते. म्हणून मागची बाजू अधिक झिजते आणि दांतांस पटाशीसारखी धार राहते. घरांतला लहान उंदीर सुमारें ६ मिलिमीटरांच्या फटींतून, म्हणजे शिसपेन्सिल जाईल एवढ्या छिद्रांतून, आंत शिरूं शकतो. त्याची मादी सुमारें तीन आठवड्यांत वितें, एका वेतास पांचसहा पिलें होतात, आणि तीं पिलें सहा-सात आठवड्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. चातुर्मासांत एका जोडप्यास नातवंडें पाहण्यास यांत पुरेसा अवकाश आहे, हें वाचकांनींच मोजून पाहावें.

थंड देशांत अशीं चाकांवरचीं घरें हिवाळ्यांत बंद ठेवतात, आणि तेथला उंदीर उबेसाठीं आंत येतो. आमच्याकडे तो कोरड्या जागेसाठीं येतो. भातखाचरांच्या बांधांतलीं बिळें पावसानें भरलीं, कीं तेथील रहिवाशांस वरचा आसरा शोधावा लागतो. आपण ज्यास रिकामें घर म्हणतों, तें केवळ आपल्यापुरतें रिकामें असतें.

पुण्याच्या जुन्या कुटुंबांस उंदीर हा शब्द एके काळीं याहून फार भयंकर होता. १८९७ च्या प्लेगांत घरांत उंदीर मरून पडला, कीं माणसांनीं घर सोडावें आणि गांवाबाहेर झोंपड्यांत राहावयास जावें, अशी वेळ आली होती. उंदरावरील पिसवांमार्फत हा रोग माणसास होतो, हें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यकशास्त्रज्ञानें १८९८ मध्यें दाखविलें. आमचे पूर्वज उंदरामुळें घर टाकून रानांत गेले. त्यांचीं पतवंडें हौसेनें घर घेऊन रानांत जातात, आणि उंदीर तेथें आधींच येऊन बसलेला असतो! आज भीति वेगळ्या रोगाची आहे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतु उंदराच्या मूत्रांतून ओल्या जागीं पसरतात आणि कातडीवरील जखमेंतून शरीरांत शिरतात. म्हणून पावसाळ्यांत ही सावधगिरी अधिक हवी.

मुलांनीं आपापले उपाय सुचविले. एकानें डांबराच्या गोळ्या आणल्या. परंतु त्यांचा वास उडून जातो, आणि कोंडलेल्या खोलींत तो माणसासच बाधतो. दुसऱ्यानें कानास ऐकूं न येणारा आवाज काढणारें यंत्र सुचविलें. उंदीर अशा आवाजास लवकरच सरावतो. तिसऱ्याचें मत विषाचें होतें. हल्लींचीं पुष्कळ विषें रक्त गोठूं देत नाहींत. तीं खाल्लेला उंदीर तत्काळ न मरतां कांहीं दिवसांनीं, बहुधा भिंतीच्या पोकळींत जाऊन, मरतो. तो बाहेर मेला तर त्यास खाणारें घुबड किंवा मांजर त्या विषानें मरूं शकतें. म्हणजे उंदरांचा नैसर्गिक शत्रु आपणच मारावयाचा, आणि पुढील वर्षीं अधिक विष आणावयाचें!

हा वाद चालला असतां शेजारच्या घरांतील एक वृद्ध आजी पडवींत बसून ऐकत होत्या. वय ऐंशीच्या घरांत. त्यांच्या सासऱ्यांचीं खाचरें धरणाखालीं गेलेलीं. उरलेल्या तुकड्यावर त्यांचा संसार झाला. त्या हंसून म्हणाल्या, “गुरुजी, उंदीर कुठं पळाला त्ये काय बघताय? कुठनं आला आन् कशापायी आला, त्ये बघा की.” मग त्यांनीं आम्हांस आपली कणगी दाखविली. बांबूच्या कामट्यांची, आंतबाहेर शेणमातीनें लिंपलेली, दगडांवर उचललेली, आणि भिंतीपासून चांगली हातभर दूर. भोंवतीं भाताचा एक दाणा सांडलेला नाहीं. आम्हीं स्वच्छतेची वाखाणणी केली, तेव्हां त्या सहज बोलून गेल्या, “भात पाण्यानं नेलं. ऱ्हायलं त्ये उंदराला कशाला द्यायचं?”

त्या वाक्यापुढें आम्हांस कांहीं सुचलें नाहीं. जें आमच्याकडे हौशीचें नुकसान, तें त्यांच्याकडे वर्षाचें अन्न होतें. आणि म्हणूनच त्यांची दृष्टि आमच्या मुलांच्या यंत्रांहून तीक्ष्ण होती.

परत येतांना आम्हांस पंचतंत्रांतील हिरण्यकाची आठवण झाली. ताम्रचूड नांवाचा संन्यासी आपलें भिक्षापात्र खुंटीवर उंच टांगीत असे, तरी हा मूषक उडी मारून तेथें पोंचे. संन्यासी काठी आपटून दमला. त्याच्या पाहुण्यानें मात्र निराळा विचार केला: इतक्या लहान प्राण्यास एवढी उडी कशाच्या बळावर? दोघांनीं माग काढून बीळ खणलें, आंत सांठविलेलें धन बाहेर काढलें, आणि त्या दिवसापासून हिरण्यकाची उडी खुंटली. संस्कृतांत मूषक हा शब्दच चोरणें या अर्थाच्या ‘मुष्’ धातूचा आहे. चोराचें बळ त्याच्या सांठ्यांत असतें. काठीनें तें कमी होत नाहीं. आजींनीं पंचतंत्र वाचलेलें नाहीं, पण पाहुण्याची ती युक्ति त्यांच्या घरांत नित्य चालूं आहे.

दुसऱ्या वर्षीं वैशाखांत त्या युक्तीप्रमाणेंच काम झालें. प्रथम सांठा हलविला. पोहे, बिस्किटें, साबणाच्या वड्या आणि मेणबत्त्यासुद्धां पुण्यास नेल्या. गाद्या, उशा व कागदपत्रें काढलीं. फडताळांचीं दारें उघडीं ठेवलीं, म्हणजे अंधाराचा कोपरा उरूं नये. मग दारें शोधलीं. रात्रीं आंतले दिवे मालवून एक मुलगा बाहेरून कंदील धरून ट्रेलरखालीं सरपटला. आंत बसलेल्यांनीं जेथें जेथें प्रकाशाची रेघ दिसली तेथें खडूनें खूण केली. एकंदर अकरा खुणा झाल्या. नळ व तारा आंत येतात त्या छिद्रांभोंवतीं भांडीं घासण्याच्या तारेचे बोळे घट्ट कोंबून त्यांवर पत्रा ठोकला. नुसता फेस किंवा लांबी भरली तर उंदीर ती पोखरतो. एक गोष्ट मात्र वाचकांनीं नीट ध्यानांत धरावी. शेगडीजवळ तळाशीं जें वायु जाण्याचें छिद्र असतें, तें कधींही बुजवूं नये. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो. गळती झालीच तर तो खालूनच बाहेर पडावयाचा. अशा छिद्रास बारीक, मजबूत तारेची जाळी लावावी. शेवटीं ट्रेलर भिंतीपासून हातभर दूर ओढला, भोंवतालचें गवत व पेंढा काढला, आणि सिलिंडर व नळी अलग करून ठेवली.

पावसाळ्यांत मुलें आळीपाळीनें दर पंधरवड्यास जाऊन पाहून येत. चाकांजवळ लेंड्या दिसल्या. आंत एकही नव्हती. एकदां तळाशीं एक चिचुंद्री फिरतांना आढळली, आणि धाकटा काठी घेऊन धांवला. त्यास आम्हीं थांबविलें. चिचुंद्रीचा वास उग्र असला तरी ती उंदरांच्या जातीची नव्हे. ती प्रामुख्यानें किडे खाते, तारा कुरतडीत नाहीं.

आश्विनांत उघडतांना दारें-खिडक्या अर्धा तास मोकळ्या ठेवल्या, तोंडावर पट्टी व हातांत मोजे घातले, आणि कोरडा केर न काढतां जंतुनाशकाच्या पाण्यानें सर्व पुसून घेतलें. नळी जुनी शाबूत होती, तरी सूनबाईंनीं नवीच जोडली, आणि साबणाचा फेस लावून बुडबुडा येत नाहीं हें स्वतः पाहिलें. त्यानंतरच दूध तापलें. पहिला पेला नातीनें आजींच्या पडवीवर नेऊन दिला.

ज्यांच्या घरीं अशी गोगलगाय नाहीं, त्यांच्याकडेही कोंकणांतलें वडिलोपार्जित घर, शेतावरची खोली किंवा माळ्यावरची पेटी असेलच. पावसाळ्यापूर्वीं तीस कुलूप घालाल, तेव्हां आंत काय ठेवलें आहे आणि कोठून उजेड दिसतो, हें एकदां पाहून घ्या. आणि मालेवरून कधीं गेलांत, तर त्या बाजूचा तांदूळ घेतांना भाव फार पाडूं नका. पाणी, पाऊस आणि उंदीर या तिघांपासून राखून तो तुमच्या पानापर्यंत आलेला असतो.