मागे राहिलेली मोटार : ‘हाची-रोकु’ची गोष्ट

जपानी भाषेत घाटरस्त्याला ‘तोगे’ म्हणतात. हा शब्द ज्या चित्राक्षराने लिहितात ते चीनमधून आलेले नाही, जपानी लोकांनी ते स्वतः घडवले. एका बाजूला ‘डोंगर’, शेजारी एकाखाली एक ‘वर’ आणि ‘खाली’. डोंगर, चढण, उतरण. घाटाची याहून नेमकी व्याख्या कोणत्याही कोशात सापडायची नाही. आजच्या धाग्यातील मोटारीची कीर्ती अशाच घाटांत घडली, आणि तीही मुख्यतः उतरणीवर. तिच्या निर्मात्यांच्या मनात मात्र घाट फारसा नसावा. त्यांना काटकसर करायची होती.

मे १९८३. टोयोटा कंपनीने जपानच्या बाजारात दोन लहान दुदारी मोटारी आणल्या. एकीचे नाव ‘कोरोला लेव्हिन’, दुसरीचे ‘स्प्रिंटर ट्रुएनो’. खरे म्हणजे मोटार एकच, नावे दोन, कारण टोयोटाची विक्रीदालने वेगवेगळ्या साखळ्यांत वाटलेली होती आणि प्रत्येक साखळीला आपले वेगळे नाव हवे होते. लेव्हिनचे दिवे नेहमीसारखे, समोर बसवलेले. ट्रुएनोचे दिवे झाकणाखाली दडलेले, अंधार पडला की पापणी उघडावी तसे वर येणारे. ‘लेव्हिन’ हा जुन्या इंग्रजीतील विजेसाठीचा शब्द आणि ‘ट्रुएनो’ म्हणजे स्पॅनिशमध्ये मेघगर्जना. ही जोडनावे १९७२ सालापासून चालत आलेली होती. तेव्हा टोयोटाने छोट्या कोरोलात १६०० सीसीचे जोमदार इंजिन बसवून घराघरातल्या या गरीब गाडीला पहिल्यांदा उनाड केले होते.

कंपनीच्या दप्तरी या नव्या मोटारीचा संकेतांक होता एई८६. ‘ए’ हे इंजिनाचे कुल, ‘ई’ हे कोरोलाचे, आठ हा पिढीचा आकडा आणि सहा हा त्या पिढीतील प्रकाराचा. जपानीत आठला ‘हाची’ आणि सहाला ‘रोकु’ म्हणतात. कारखान्यातला हा कोरडा आकडा पुढे लाडके नाव झाला आणि वीज व गर्जना ही दोन्ही भारदस्त नावे मागे पडली. लोक म्हणू लागले ‘हाची-रोकु’, शहाऐंशी नव्हे, आठ-सहा.

आता मुद्द्याची गोष्ट. १९८३ मध्ये कोरोलाचे कुटुंब एका मोठ्या स्थित्यंतरातून जात होते. तोवरच्या कोरोलात इंजिन पुढे असे आणि गती मिळे मागच्या चाकांना. त्यासाठी गाडीच्या पोटाखालून एक लांब फिरता दांडा मागे न्यावा लागे. नव्या पिढीत टोयोटाने इंजिन आडवे बसवून पुढच्याच चाकांना गती दिली. दांडा गेला, आतली जागा वाढली, वजन घटले, इंधन वाचू लागले. १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर जगभरच्या लहान मोटारी याच दिशेने निघाल्या होत्या. कोरोलाच्या चारदारी भावंडांनी हा नवा धर्म स्वीकारला. लेव्हिन आणि ट्रुएनो मात्र मागच्या पिढीच्या सांगाड्यावरच उभ्या राहिल्या. चाकांमधले अंतर तेच, २४०० मिलिमीटर. गती मागच्याच चाकांना. मागची दोन्ही चाके जीप किंवा मालमोटारीसारखी एकाच अखंड आसावर. थोड्या संख्येने खपणाऱ्या खेळकर मोटारीसाठी सगळेच नव्याने घडवण्यापेक्षा जुने वापरणे सोयीचे होते. थोरल्याचे कपडे धाकट्याला घालावेत, तसा हा प्रकार.

नवे असे होते ते इंजिन. त्याचे नाव ४ए-जीई. आकार १५८७ सीसी, माथ्यावर दोन कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह, आणि त्या माथ्याच्या घडणीत यामाहा कंपनीचा हात. त्या काळच्या जपानी मोजमापाने शक्ती १३० अश्वशक्ती. संपूर्ण गाडीचे वजन भरे सुमारे ९०० ते ९५० किलो. इंजिन संथ फिरत असताना त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. काटा वर चढू लागला की आवाज बदलतो आणि मगच ते जागे होते. घाटात त्याला सतत जागे ठेवायचे तर हात गिअरच्या दांड्यावरून हलवून चालत नसे.

मग ही मोटार आपल्या काळातली सर्वोत्तम होती काय? अजिबात नाही, आणि तिच्या भक्तांनी हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. त्याच सुमारास आलेली होंडाची सीआर-एक्स आणखी हलकी होती, पुढच्या चाकांवर धावणारी होती आणि वळणांत चलाख होती. मागचा अखंड आस खड्ड्यावरून गेला की हाची-रोकुची पाठ उडत असे. १९८७ मध्ये टोयोटाने नवी लेव्हिन-ट्रुएनो आणली तेव्हा तीही पुढच्या चाकांवर चालणारी निघाली. चार वर्षांत हाची-रोकुचे आयुष्य संपले. मोटारींच्या इतिहासात तिची नोंद ‘जुन्या पद्धतीची शेवटची कोरोला’ एवढीच राहायला हरकत नव्हती.

ती तेवढीच राहिली नाही याचे कारण तिच्या मागासलेपणातच आहे, आणि ते समजून घ्यायचे तर एका वळणापाशी थांबावे लागते.

समजा, गाडी वेगात उतार उतरते आहे आणि समोर केसाच्या आकड्यासारखे वळण आहे. चालक ब्रेक दाबतो. गाडीचे वजन पुढे झुकते, मागच्या टायरांवरचा भार हलका होतो. त्याच क्षणी स्टिअरिंग वळवले की मागचा भाग रस्त्यावरची पकड सोडून बाहेरच्या बाजूला घसरू लागतो. एरवी ही अपघाताची सुरुवात. कसलेला चालक मात्र स्टिअरिंग घसरणीच्या दिशेने उलटे फिरवतो आणि अॅक्सिलरेटरने मागच्या चाकांचे फिरणे इतके नेमके राखतो, की गाडी तिरकी राहूनच वळण पार करते. नाक डोंगराकडे, धाव दरीच्या कडेने. यालाच ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वळवण्याचे आणि ओढण्याचे दोन्ही भार त्याच दोन चाकांवर पडतात. अॅक्सिलरेटर दाबला की ती सरळ व्हायला बघते, घसरण टिकत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १३० अश्वशक्ती म्हणजे फार नव्हे. कोरड्या डांबरावर नुसता अॅक्सिलरेटर दाबून हाची-रोकुची पाठ सहज फिरत नाही. शक्तिमान मोटारीत जे काम पाय करतो, ते इथे वेळ साधून ब्रेक मारणे, वजन इकडून तिकडे झुलवणे, योग्य गिअर आधीच लावून ठेवणे यांनी करावे लागते. शिवाय गाडी हलकी, टायर अरुंद, त्यामुळे पकड सुटते ती तुलनेने कमी वेगात, आणि चुकीची सूचना चालकाला थोडी आधी मिळते. ही मोटार चालकाच्या उणिवा झाकत नसे. शिकणाऱ्याला असा गुरू जाचक वाटतो, पण विद्या त्याच्याकडेच मिळते.

स्पर्धेच्या मैदानावर मोटार मुद्दाम घसरवत वळण घेण्याची शैली जपानमध्ये १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी या शर्यतपटूने गाजवली होती. त्याला पाहून भारावलेल्या तरुणांत केइची त्सुचिया हा १९५६ साली नागानो प्रांतात जन्मलेला मुलगा होता. धंदेवाईक शर्यतीत उतरण्याआधी तो घाटांत शिकला, आणि पुढे हाची-रोकु ट्रुएनो घेऊन मैदानावर आला. १९८७ मध्ये ‘प्लसपी’ नावाची एक चित्रफीत निघाली. तिच्यात त्सुचिया घाटाच्या वळणांवरून आपली ट्रुएनो तिरकी नाचवताना दिसतो. ती हातोहात फिरली. ज्यांना शर्यतीचे मैदान परवडणारे नव्हते त्यांनी ती पाहिली आणि आपापल्या गावाजवळचा घाट गाठला. त्सुचियाला ‘ड्रिफ्ट किंग’ ही उपाधी चिकटली. पुढे १९९५ मध्ये फ्रान्समधील ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तो होंडाच्या मोटारीतून आपल्या गटात पहिला आला, तेव्हा संघातील सहकाऱ्यांत खुद्द ताकाहाशी होता.

जाता जाता नोंदवायला हवे की, इंग्लंडमध्ये हीच मोटार ‘कोरोला जीटी’ नावाने धावली आणि ख्रिस हॉजेट्सने तिच्या बळावर १९८६ व १९८७ अशी लागोपाठ दोन वर्षे ब्रिटनमधील सलून मोटारींच्या शर्यतींचे अजिंक्यपद मिळवले. जपानबाहेरच्या चाहत्यांना हे फारसे आठवत नाही. दंतकथेपुढे विक्रमांचे काही चालत नाही.

दंतकथेला माणसे लागतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जपान पैशाने फुगला होता. येन वधारला होता, जमिनींचे भाव आकाशाला भिडले होते आणि निस्सानची स्कायलाइन जीटी-आर यांसारख्या बलाढ्य मोटारी रस्त्यावर येत होत्या. अशा काळात जुनी कोरोला कोण ठेवणार? हाची-रोकु जुन्या बाजारात गेली. पेट्रोल पंपावर किंवा गॅरेजात राबणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या पोरांच्या आवाक्यात ती आली. सुटे भाग सहज मिळत, कारण भावंडे लाखोंनी रस्त्यावर होती. इंजिनाची उघडझाप घरच्या अंगणात करता येई. शनिवारी रात्री ही पोरे घाटात जमत.

इथे एक गोष्ट दडपून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते घाट सार्वजनिक रस्ते होते. वळणापलीकडे कोण येत आहे हे कुणालाच दिसत नसे. पायथ्याच्या गावांना रात्रभर टायरांचा किंकाळ्यांसारखा आवाज ऐकू येई. पोलिसांचा ससेमिरा विनाकारण नव्हता, आणि वळणावर चुकलेल्या प्रत्येकाला दुसरी संधी मिळाली असेही नाही. स्मरणरंजन हे सगळे पुसून टाकते.

१९९५ मध्ये कोदान्शा प्रकाशनाच्या ‘यंग मॅगझिन’ या साप्ताहिकात शुइची शिगेनो या चित्रकथाकाराने ‘इनिशियल डी’ ही मालिका सुरू केली. नायक ताकुमी फुजिवारा, गुन्मा प्रांतातल्या एका छोट्या गावचा शाळकरी मुलगा, दुपारी पेट्रोल पंपावर काम करणारा. बाप बुन्ता टोफू म्हणजे सोयाबीनचे पनीर बनवून विकतो. रोज पहाटे घाट चढून वरच्या हॉटेलात टोफू पोचवणे हे ताकुमीचे काम, आणि परवान्याचे वय होण्याच्या कितीतरी आधीपासून बापाने त्याला या कामाला जुंपलेले. गाडी कोणती? पांढऱ्या-काळ्या रंगाची हाची-रोकु ट्रुएनो, दारावर दुकानाचे नाव लिहिलेली. बुन्ता गाडीत पाण्याने भरलेला पेला ठेवतो. पाणी सांडता कामा नये, टोफू मोडता कामा नये. वर्षानुवर्षे पाणी न सांडता घाट उतरल्यावर त्या मुलाला काय येते हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. गाडीला ‘हाची-रोकु’ म्हणतात हेही त्याला माहीत नसते. मग एका रात्री महागड्या मोटारी घेऊन आलेल्या पट्टीच्या चालकांना ही पनीरवाल्याची गाडी उतारावर मागे टाकते.

शिगेनोला या विषयाचे मर्म किती कळले होते हे दोन प्रसंगांत दिसते. ताकुमीचा मित्र इत्सुकी पैसे साठवून मोठ्या हौसेने लेव्हिन विकत घेतो आणि नंतर कळते की, ती एई८५ आहे. रूप तेच, पण आत साधे १५०० सीसीचे ८३ अश्वशक्तीचे इंजिन. पंपावरची मंडळी हसतात, वाचकाला मात्र हसताना गलबलते. दुसरा प्रसंग अधिक कठोर. एका बलवान मित्सुबिशी मोटारीचा पाठलाग करताना ताकुमीच्या ट्रुएनोचे इंजिन फुटते. कौशल्याने यंत्राच्या मर्यादा कुठवर ओलांडता येतात, या प्रश्नाला लेखक तिथे बगल देत नाही.

१९९८ मध्ये तिची चलच्चित्र मालिका आली, २००५ मध्ये हाँगकाँगला चित्रपट निघाला, आणि मूळ चित्रकथा २०१३ पर्यंत चालून ४८ खंडांत संपली. तोवर तिने स्वतःच्याच नायकाची पंचाईत करून ठेवली होती. गरिबाची म्हणून गाजलेली मोटार गाजल्यामुळेच महाग झाली. घाटांत मोडलेल्या, गंजलेल्या, शर्यतींसाठी कापलेल्या गाड्या वजा जाता उरलेल्या संग्राहकांच्या हाती गेल्या. पेट्रोल पंपावर काम करणारा आजचा ताकुमी ती विकत घेऊ शकणार नाही.

टोयोटालाही आपल्या या दुर्लक्षित अपत्याची आठवण उशिरा झाली. २०१२ मध्ये सुबारूच्या साहाय्याने तिने मागच्या चाकांवर चालणारी एक हलकी मोटार काढली आणि तिचे नावच ‘८६’ ठेवले. पुढे जुन्या हाची-रोकुचे काही बंद पडलेले सुटे भाग कंपनीने पुन्हा बनवायला घेतले. जानेवारी २०२३ मध्ये तोक्यो ऑटो सलॉनमध्ये तिने दोन जुन्या गाड्या नव्या रूपात मांडल्या. लेव्हिनमध्ये विजेची मोटर, पण क्लच आणि गिअरचा दांडा शाबूत. ट्रुएनोमध्ये हायड्रोजन जाळणारे इंजिन, आवाजासकट. हायड्रोजनच्या टाक्या बसवल्या होत्या मागे, जिथे ताकुमी टोफू ठेवीत असे.

शिगेनोने कथेतला आकिना घाट रंगवला तो गुन्मा प्रांतातल्या हारुना पर्वतावरून. पायथ्याच्या शिबुकावा शहराने आता गटारांच्या झाकणांवर ‘इनिशियल डी’ची रंगीत चित्रे बसवली आहेत. जवळच्या इकाहोतील एका संग्रहालयात फुजिवारांचे टोफूचे दुकान उभारलेले आहे, दारात पांढरी-काळी ट्रुएनो उभी. तिथून चाहते घाट चढतात आणि कथेत गाजलेल्या त्या ओळीने येणाऱ्या वळणांपाशी पोचतात. तिथे रस्त्यावर डांबराचे आडवे उंचवटे घातलेले आहेत, कुणी गाडी घसरवू नये म्हणून.