मोहाखालचा डबा

समजा, तुमच्या हातात एक रिकामा डबा दिला आणि सांगितलं, "यात अशी एक वस्तू ठेवा, की जी एखाद्या अनोळखी मुलाला सापडली तर तो खूश झाला पाहिजे. मात्र ती दुकानातून विकत आणायची नाही." तर तुम्ही काय ठेवाल? थांबा, लगेच उत्तर देऊ नका. माझ्या वर्गातल्या मुलांनी लगेच उत्तरं दिली होती, आणि मीही घाईच केली होती. त्या घाईत काय झालं ते सांगतो. पण त्यासाठी आधी तुम्हांला आमच्या सायवनला यावं लागेल.

पश्चिम रेल्वेच्या डहाणू रोड स्टेशनावर उतरा आणि समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघा. किनाऱ्याकडच्या चिकूच्या वाड्या मागं राहतात. (डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही चिकूला ते नाव लावता येत नाही!) मग चारोटीला मुंबई-अहमदाबाद महामार्ग आडवा येतो. तिथून महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका दिसतो. चैत्रात तिथली जत्रा भरते. पुढं कासा, आणि कासा सोडून उत्तरेकडं वळलात की सायवनचा रस्ता. इथं गाव म्हणजे एका जागी दाटीनं वसलेली घरं नव्हेत. एक पाडा या टेकडीवर, दुसरा त्या ओढ्यापलीकडं, मध्ये भाताची खाचरं आणि उतारावर नाचणी-वरई. बहुतेक घरं वारल्यांची. मी घाटावरचा माणूस. इथं बदलून आलो तेव्हा पहिले काही दिवस पाडे शोधताना रोज वाट चुकायचो, आणि तिसरीतली पोरं मला हाताला धरून आणून सोडायची.

वाट चुकण्यावरूनच हा खेळ सुरू झाला. खेळाचं नाव आहे जिओकॅशिंग. मी फळ्यावर नाव लिहिलं तसा मागून आवाज आला, "गुरुजी, जिओचं सिम?" दुसरा म्हणाला, "नाही रे, कॅश म्हणजे पैसे!" दोन्ही चूक, बरं का. 'जिओ' म्हणजे पृथ्वी, आणि हा 'कॅश' फ्रेंच भाषेतून आलेला, त्याचा अर्थ लपवून ठेवलेला साठा.

आपल्या डोक्यावर सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. त्यांचे संदेश पकडून मोबाईल आपली जागा अक्षांश-रेखांशात सांगतो. डहाणू तालुका साधारण २० अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे, हे तुम्ही नकाशात पाहाल. पण नुसत्या अंशावरून झाड सापडत नाही. अंशाचे ६० भाग केले की एक मिनिट, आणि अक्षांशाच्या एका मिनिटाच्या हजाराव्या भागाला जमिनीवर दोन मीटरही भरत नाहीत! अर्थात मोबाईल इतका नेमका नसतो. दाट झाडीत तो पाच-दहा पावलं इकडंतिकडं दाखवतो. ती शेवटची पावलं आपल्या डोळ्यांनी शोधायची, आणि खरी मजा तिथंच आहे.

सन २००० पर्यंत अमेरिकेचं सरकार सर्वसामान्य लोकांना मिळणारे हे संदेश मुद्दाम अंधूक करून सोडत असे, त्यामुळं शंभरेक मीटरची चूक व्हायची. मे २००० च्या सुरुवातीला ते अंधूक करणं थांबलं. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगॉन राज्यातल्या एका रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. अट एकच. सापडली तर त्यातलं काही घ्या आणि आपलं काही ठेवा. त्या पहिल्या बादलीत काय होतं, माहीत आहे? काही पुस्तकं, थोडे पैसे, घेवड्याच्या शिजवलेल्या दाण्यांचा एक बंद डबा आणि एका बेचकीची मूठ! होय, आपली पाखरं उडवायची बेचकी. ही बेचकी लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आम्ही घट्ट झाकणाचा एक प्लॅस्टिकचा डबा घेतला. जागा म्हणून एका शेताच्या बांधावरचं जुनं मोहाचं झाड पसंत केलं, त्याच्या मुळांत छान कोनाडा आहे. आधी शेतमालकांना विचारलं. हे फार महत्त्वाचं, हं! परक्याच्या जागेत, स्टेशनात, पुलाखाली किंवा देवळापाशी न विचारता डबा ठेवला तर लोक घाबरतील, पोलिसांना बोलावतील, आणि त्यांचं चुकणारही नाही. म्हणून डबा आरपार दिसणारा घेतला. त्यावर 'हा शाळेचा खेळ आहे' असं लिहिलं आणि आत एक वही व पेन्सिल ठेवली. जो येईल त्यानं तारीख, नाव, काय घेतलं आणि काय ठेवलं ते वहीत लिहायचं. शेजारच्या पाड्यावरच्या शाळेतल्या गुरुजींना मी आकडे कळवले आणि त्यांच्या मुलांनीही शोधायला यायचं ठरलं.

आता डब्यात ठेवायचं काय? मी विचारायचा अवकाश, गलका उठला. "गोळ्या! चॉकलेट!" खाऊ चालणार नाही. मुंग्यांना आणि उंदरांना तुमच्याआधी वास लागतो, आणि उंदीर प्लॅस्टिकसुद्धा कुरतडतो. "आगपेटी!" रानात वाळलेला पाला असतो, छे! "ब्लेड!" मुळीच नाही. टोकाचं, धारेचं, शस्त्र म्हणून वापरता येईल असं काहीही नको, हे मी फळ्यावरच लिहिलं. एकीनं शाईचं पेन आणलं. ते उन्हात गळेल आणि वही निळी होईल. एकानं गुंजा आणल्या, लालभडक, काळ्या टिकलीच्या, मूठभर. इतक्या सुंदर की नाही म्हणायला जिवावर आलं. पण गुंजेचं बी विषारी असतं. लहान पोरानं चावलं तर जिवावर बेतेल. गुंजा परत गेल्या.

मग एकेक चांगली वस्तू येऊ लागली. सागरगोटे! काटेरी झुडपावरचे, राखाडी, गुळगुळीत आणि असे टणक की पावसानं काही होत नाही आणि उंदराचे दात लागत नाहीत. शिवाय सापडले की लगेच खेळायला बसता येतं. जत्रेत घेतलेल्या मण्यांच्या जुन्या माळेतले पाच रंगीत मणी आले. एका मुलीनं घरच्या भिंतीवर काढतात तसं चित्र कागदावर काढलं, लग्नाच्या चौकाजवळ नाचणारी माणसं. पण दमट हवेत कागद लवकर बुरसतो. मग तिनंच ओढ्यातला एक चपटा दगड आणला, गेरूनं रंगवला आणि त्यावर पांढऱ्या रंगानं तारपा वाजवणारा माणूस काढला. आपल्याच तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणून जगभर पोहोचवली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आमच्या या पोरीनं ती दगडावर आणली, एवढंच!

एक मुलगा चाराण्याची दोन नाणी घेऊन आला, गेंड्याचं चित्र असलेली. मी म्हटलं, "पैसे ठेवायचे नाहीत." तो म्हणाला, "गुरुजी, हे पैसे नाहीतच. दुकानदार घेत नाही." खरंच की! ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचं नाणं व्यवहारातून बाद झालं आहे. मी गप्प बसलो आणि नाणी डब्यात गेली.

अदलाबदलीचा नियम मात्र समजावून सांगावा लागला. जेवढ्या मोलाचं घ्याल तेवढ्याच मोलाचं किंवा थोडं जास्त मोलाचं ठेवायचं. "मोल म्हणजे किंमत का?" एकीनं विचारलं. मी म्हणालो, "हो, साधारण तेच." हे माझं उत्तर चुकीचं होतं, पण तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं नाही. तिला मात्र पटलं नसावं. दुसऱ्या दिवशी ती आजीला विचारून आली. आजीच्या लहानपणी किनाऱ्याकडच्या बाया सुके बोंबील आणि जवळा घेऊन यायच्या आणि त्यावर भात घेऊन जायच्या. मग कुणाचं मोल जास्त? आजी म्हणाली होती, "आमच्याकडं मासळी नाही, त्यांच्याकडं भात नाही. दोघी हसत घरी गेल्या की झालं." वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढचा धडा काढला.

दिवाळीच्या सुट्टीआधी माझा एक मित्र ठाण्याहून आला. त्याला खेळ इतका आवडला की त्यानं डब्यात एक होकायंत्र ठेवलं. पितळी, झाकणाचं, सुई थरथरत उत्तरेला येणारं. वर्गातल्या प्रत्येकाच्या मनात तेच. पण घ्यायचं तर तेवढं मोलाचं काय ठेवायचं?

चार दिवसांनी होकायंत्र गेलं. कोपऱ्यात एक लाकडी मूठ पडली होती, बेचकीची, रबर नसलेली. मुलं धावत माझ्याकडं आली. "गुरुजी, मोडकी बेचकी टाकली आणि होकायंत्र पळवलं!" घेणारा कोण हे लगेच कळलं. तो चौथीतला, फार न बोलणारा मुलगा. मी त्याला सगळ्यांसमोर उभा केला आणि विचारलं, "ही अदलाबदल झाली का रे?" तो काही बोलला नाही. मी म्हणालो, "परत ठेवून ये." तो गेला, होकायंत्र ठेवून आला आणि जागेवर बसला. बेचकी मात्र त्यानं परत घेतली नाही.

इकडं दिवाळी झाली की कितीतरी घरं कुलूपबंद होतात. भाताची कापणी संपते आणि मग कामासाठी कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा त्याची जागा रिकामी होती. हजेरीत मी त्याच्या नावापुढं खूण केली आणि पुढं सरकलो.

मग एका शनिवारी डब्याला हवा द्यावी म्हणून मी एकटाच मोहाखाली गेलो. वही उघडली. खरं तर पहिल्या दिवशीच उघडायला हवी होती. त्यात त्याचं वळणदार अक्षर होतं: 'होकायंत्र घेतले. बेचकी ठेवली. शस्त्र नको म्हणून रबर काढले.'

मूठ हातात घेतली. फांदीचा दुबेळा दोन्हीकडं अगदी सारखा, गाठ कुठंही नाही, आणि घासून घासून अशी गुळगुळीत की अंगठा आपोआप खोबणीत बसला. मोडकी नव्हतीच ती. त्यानं फळ्यावरचा नियम वाचला होता आणि स्वतःची बेचकी नियमात बसेल अशी करून दिली होती. होकायंत्र मी खिशात घातलं आणि शाळेच्या कपाटात ठेवून दिलं. सोमवारी वर्गाला सारं सांगितलं. सांगताना जीभ जड झाली होती, खोटं कशाला बोलू? मूठ मुलांच्या हातांतून फिरली. ज्यांनी 'मोडकी' म्हटलं होतं तेच ती सोडायला तयार होईनात. शेवटी ती डब्यात गेली, आणि आठवड्याभरात शेजारच्या पाड्यावरच्या एका मुलीनं उचलली. बदल्यात तिनं बांबूची शिट्टी ठेवली, तीही स्वतः केलेली.

शिमग्याला भट्टीवरची माणसं घरी येतात. होळीच्या आदल्या दिवशी तो मला रस्त्यात भेटला, उन्हानं रापलेला, थोडा उंच झालेला. मी त्याला शाळेत नेलं, कपाट उघडून होकायंत्र काढलं आणि म्हणालो, "माझं चुकलं. हे तुझं आहे." त्यानं हात पुढं केला नाही. "डब्यातून घेईन," तो म्हणाला.

मग आम्ही दोघं मोहाखाली गेलो. मोहाची फुलं नुकती गळायला लागली होती, सगळीकडं तो गोड, जडसा वास. मी होकायंत्र डब्यात ठेवलं. त्यानं आधी बेचकी कुठं गेली ते वहीत शोधलं, शिट्टीची नोंद वाचली, शिट्टी एकदा वाजवून पाहिली आणि परत ठेवली. मग खिशातून एक वस्तू काढली. आगपेटीएवढी वीट, पक्की भाजलेली, तांबडी. भट्टीवर विटा उलथताना उरलेल्या मातीची त्यानं ती थापली होती आणि मोठ्या विटांबरोबर भाजून घेतली होती. वर काडीनं होकायंत्राची सुई कोरली होती.

"अरे, तू बेचकी दिलीसच की," मी म्हटलं.

"ती तेव्हाची," तो म्हणाला, आणि वहीत लिहायला खाली बसला.

वीट अजून डब्यात आहे. दोन पावसाळे झाले, कुणी घेतलेली नाही. घ्यायचं मनात असलेली निदान चार मुलं मला माहीत आहेत. तिच्या जागी काय ठेवायचं, यावर त्यांचं अजून चाललं आहे.